इंग्रजी मालिकेतलं गाव आणि शंकरपाळ्यांची डबी

मंगळवारी टपालाने आलं ते असं: माझी झाकणाची स्टीलची डबी, एक. डबीत दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या सफरचंदाच्या चकत्या, गच्च भरून. हाताने लिहिलेलं कार्ड, एक. टपालखर्च चार डॉलर साठ सेंट, तो पाठवणाऱ्या बाईंनीच भरलेला. आम्हाला पडला खर्च शून्य.

ही डबी परत येईल असं मी धरलंच नव्हतं. आता आली आहे, तर मराठी मंडळाच्या अंकासाठी सगळं पहिल्यापासून लिहिते. आमच्यासारखी सहल कोणाला आपल्या आईवडिलांना घडवायची असेल तर उपयोगी पडेल. (टाइप अश्विनी करते आहे, माझी सून. मी कागदावर लिहून देते.)

मी मिरजेची. जुनी मॅट्रिक. हे गेल्यावर दोन वर्षं एकटी राहिले आणि यंदा मे महिन्यात मुलाकडे, नीलेशकडे, न्यू जर्सीत आयसेलिनला आले. परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं. नीलेशचं म्हणणं, आता परत जाऊच नकोस, कायमची राहा, कागदपत्रं करू. "तू हो म्हण, लगेच वकिलाशी बोलतो." मी म्हणायचे, "बघू." पाच महिने 'बघू'वर काढले. तिकडे धाकटे दीर विचारत होते, वहिनी, घर भाड्याने द्यायचं की झाडून ठेवायचं? त्यांनाही 'बघू'.

इथे भाजी, कढीपत्ता, देऊळ सगळं मिळतं. ओक ट्री रोडवर तर साड्यांची दुकानंसुद्धा ओळीने आहेत. पण दुपार सरत नाही. अशा एका रविवारी रात्री टीव्हीवर जाहिराती नसलेलं एक चॅनल लागलं. त्यावर जुन्या काळच्या इंग्लंडमधल्या एका खेड्याची मालिका. मी पोळ्यांची कणीक मळता मळता बसले, ती संपेपर्यंत उठले नाही.

आमची नात ईरा सहा वर्षांची. तिने रिमोटवर काहीतरी दाबून खाली इंग्रजी अक्षरं उमटवून दिली. मला वाचता येतं, ऐकून कळत नाही. शिवाय त्या मालिकेत कळायला फार बोलणं लागतच नाही. गावात एक धर्मगुरू, त्यांची लग्न न झालेली बहीण, जमीनदाराची विधवा, टपाल वाटणारी एक बाई. एक अख्खा भाग काय, तर गावात नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांच्याकडे आधी कोणी जायचं! ती नवी बाई रोज चार खुर्च्या पुसून, चहाचे कप मांडून बसते आणि कोणी येत नाही. शेवटी टपालवाली पत्र द्यायला येते ती आत येऊन बसते. संपला भाग. माझ्या डोळ्यांना पाणी.

नीलेश म्हणाला, "आई, यात झालं काय?"

"अरे, एवढं सगळं झालं आणि म्हणतोस झालं काय?"

आपल्याकडच्या मालिकांत एक सून दाराशी आली की तीनदा ढगांचा गडगडाट आणि पाच जणांचे चेहरे. इथे बाई दार उघडते, "या" म्हणते, किटली ठेवते. आजाऱ्याकडे टोपलीतून जेली जाते, टोपली परत येते तेव्हा तिच्यात अंडी असतात. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की कोण कोणाकडे आलं, किती वेळ बसलं आणि न बसता का गेलं, यातच माणसाचं सगळं असतं. मग मी ग्रंथालयातून अशा मालिकांच्या सीड्या आणायला लागले. फुकट आहेत, फक्त वेळेवर परत करायच्या, नाहीतर दंड.

एकदा मी सहज बोलून गेले, "असलं गाव एकदा बघायला मिळावं." नीलेशने ते धरून ठेवलं. इंग्लंडचा व्हिसा आणि खर्च झेपणारा नव्हता. पण मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या काळचं एक गाव आहे, मूळ इंग्लंडहून आलेल्या लोकांचं, पावणेदोनशे वर्षांपूर्वी होतं तसं ठेवलेलं. "तसंच चर्च, तशीच घरं, बायका तशाच टोपडी घालून. जाऊन येऊ. आणि येताना गाडीत मला उत्तर दे."

ऑक्टोबरातला शनिवार ठरला. पूजा आटोपून सातला निघालो. रस्ता चांगला आहे. पार्कवेवर सुटे ठेवा, दर टोलनाक्यावर पस्तीस सेंट. हडसन नदीवरच्या मोठ्या पुलाला जाताना चार डॉलर टोल, येताना नाही. मग कनेटिकटमधून सरळ वर. झाडं अशी लाल-पिवळी की हळदीकुंकवाची ताटं उपडी केल्यासारखी. वाटेत खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी घेतली होती, त्यामुळे खर्च फक्त नीलेशच्या कॉफीचा. दशम्या दुधात भिजवा, दोन दिवस मऊ राहतात.

निघताना मी एका डबीत शंकरपाळे भरले. अश्विनी म्हणाली, "आई, गाडीत खायला?"

"नाही, तिथे द्यायला."

"कोणाला?"

"कोणाच्या घरात जाऊ त्यांना. हात हलवत जायचं का?"

(आई, मी म्हटलं होतं की ते म्युझियम आहे. – अश्विनी)

म्हटलं होतं, खरं आहे. पण मला वाटलं, देवळाला तिकीट असलं तरी गुरव देवळाच्या मागे राहतोच ना? तसे हे लोक तिथेच राहत असणार.

बाराच्या सुमारास पोचलो. तिकीट मोठ्यांना वीस डॉलर, ज्येष्ठांना थोडं कमी, आणि तेच तिकीट दुसऱ्या दिवशीही चालतं. बूट सैल आणि सोपे घाला, सगळं चालायचं आहे. शाल हवीच.

आत गेले आणि खरंच सांगते, क्षणभर पाय उचलेना. मातीचा रस्ता. मधोमध गवताचं पटांगण, त्याच्या टोकाला पांढरं चर्च. बैलगाडी. एका धुराड्यातून धूर. चर्चमध्ये जाऊन नमस्कार केला, देव तो देव. मग धूर येणाऱ्या घराकडे गेले. पायरीवर बूट काढले, ओळीने लावले आणि आत शिरले.

चुलीपाशी साठीच्या एक बाई, टोपडं, लांब झगा, पुढे एप्रन. सफरचंदं सोलून, चकत्या करून दोऱ्यात ओवत होत्या. बघे लोक दाराशी दोरीच्या अलीकडे उभे होते. ती दोरी मी पाहिलीच नाही. सरळ त्यांच्याशेजारच्या बाकावर जाऊन बसले, सुरी घेतली आणि सोलायला लागले. आपल्याकडे कोणी शेंगा सोलत असेल तर आपण उभं राहून बघतो का?

दारातून अश्विनीचा आवाज: "आई! आई, तिथे नाही बसायचं!"

ईरा म्हणाली, "आजी, यू आर इन द एक्झिबिट!"

त्या बाईंनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, दारातल्या बुटांकडे पाहिलं, आणि शांतपणे सफरचंदाची टोपली माझ्या बाजूला सरकवली. "गुड डे, नेबर," म्हणाल्या. आपलं नाव मार्था सांगितलं. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, एक शंकरपाळा तोंडात टाकला. मग डबी उलटी करून बुडावरची अक्षरं बोटाने चाचपली. मी अश्विनीला म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. माझ्या लग्नातली आहे, 'सौ. सुमन' लिहिलंय. आता सौ. राहिले नाही, पण भांड्यावरचं कसं पुसणार?

अश्विनीने ते इंग्रजीत सांगितलं. मार्थाबाईंनी आणखी दोन सफरचंदं माझ्या हातात दिली. टोपली संपेपर्यंत आम्ही दोघी सोलत बसलो. बोलणं जवळजवळ नाही. पाच महिन्यांत इतकं बरं मला कुठे वाटलं नव्हतं. उठताना त्यांनी डबी रिकामी करून द्यायला घेतली, मी हात आडवा केला: "असू दे, सावकाश." तेव्हा त्यांनी ईराकडून कागदावर आमचा पत्ता लिहून घेतला.

मी बाहेर आले ते मनात ठरवूनच, की नीलेशला हो म्हणायचं. ज्या देशात असं एक घर आहे तिथे राहता येईल.

पाच वाजता घंटा झाली. आम्ही गाडीपाशी आलो. गाड्या लावायच्या जागेच्या कडेच्या दारातून एकेक जण निघाला. बैलगाडीवाला, लोहार, चर्चपाशी उभे असलेले गृहस्थ. टोपडं हातात, कानाला फोन, आणि जो तो आपापल्या गाडीत. मार्थाबाईही निळ्या गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि निघून गेल्या. मागे वळून पाहिलं तर धुराडं गार. गावात एकही दिवा नाही.

"इथे कोणी राहत नाही?" मी विचारलं.

"आई, ते नोकरी करतात," नीलेश म्हणाला. "शिफ्ट संपली."

मला कोणी फसवलं नव्हतं. तिकीट काढूनच आत गेले होते. तरी मनातलं 'हो' मी मनातच ठेवलं.

रात्रीच्या मुक्कामाचं मोटेल चौसष्ट डॉलर अधिक कर, सकाळचा नाश्ता त्यात. स्वच्छ होतं. बाळकृष्णाची छोटी मूर्ती मी पिशवीत नेते. उदबत्ती लावली नाही, छताला धूर लागला की वाजणारं यंत्र असतं, हे ध्यानात ठेवा. नाश्त्याला केळं आणि दूध घेतलं. नीलेश म्हणाला, "चल, तिकीट आजही चालतंय."

"नको. घरी जाऊ."

तो अश्विनीकडे बघायला लागला. पैसे भरलेलं तिकीट मी वाया घालवते म्हणजे काय, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

गाडीत मी सांगून टाकलं. "नीलेश, परतीचं तिकीट आहे तेच राहू दे. मी मिरजेला जाते."

पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही रे. तिथे कडी वाजवली की कोणीतरी असतं."

"इथे आम्ही आहोत ना."

"तुम्ही सातला येता. त्याआधी इथले ओळखीचे सगळे फोन करून विचारतात, काकू, येऊ का? आणि येत नाहीत."

अश्विनी पुढच्या सीटवरून हळूच म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला ती घरं आणि झगे आवडतात."

"झग्यांचं काय करायचंय? त्यांच्याकडे माणसं येतात, ते बघते मी."

घरी आल्यावर नीलेशने फ्रिजवर लावलेला वकिलाच्या फोन नंबरचा कागद काढून ठेवला. मी बॅगा खाली काढल्या.

आणि मंगळवारी डबी आली. कार्डावर लिहिलेलं अश्विनीने वाचून दाखवलं: खरं नाव मार्था नाही, लिंडा आहे. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता एकट्या राहतात. त्या घरात इतकी वर्षं उभ्या राहतात, हजारो लोक दोरीपलीकडून बघून जातात, आत येऊन मदतीला कोणी बसलं नव्हतं. सफरचंदं आपण दोघींनी सोललेलीच आहेत. आणि शेवटी: 'तुमच्या सुनेने जाताना सांगितलं की भांडं रिकामं परत करायचं नसतं.'

मी अश्विनीकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"सहज," ती म्हणाली.

बुधवारी त्यातल्या निम्म्या चकत्या भिजवून, बारीक चिरून मी सफरचंदाचा शिरा केला. एक वाटी भरली, वर ताटली झाकली आणि आमच्याच मजल्यावरच्या समोरच्या दाराशी गेले. त्या घरात एक बाई राहतात, एवढंच मला माहीत. नाव माहीत नाही, दारावर फक्त आकडा.

अश्विनी मागून, "आई, फोन न करता?"

"नंबर माहीत नाही, तर फोन कुठे करू?"

बाईंनी साखळी न काढता दार उघडलं. फटीतून माझ्याकडे, मग वाटीकडे पाहिलं. मग साखळी काढली, वाटी घेतली, "ओह! थँक यू," म्हणाल्या आणि दार लावलं.

ईरा म्हणते, "आजी, शी विल कीप इट. शी थिंक्स द बोल इज ऑल्सो अ गिफ्ट." तसंही असेल. वाटीवर माझं नाव आहे, पण मराठीत.

नीलेशने पुन्हा विचारलंय, या वेळी जरा भीत भीत. विमानाची तारीख बदलायची तर दंड भरावा लागेल आणि लवकर सांगावं लागेल. मी त्याला म्हटलं, वाटी आली की सांगते. तो हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. कागद पुन्हा फ्रिजवर लावलाय. दाराच्या भोकातून मी बघत नाही, असं मी अश्विनीला सांगितलंय. (बघतात. – अश्विनी)

तेव्हा तुमच्यापैकी जे बरीच वर्षं इथे आहेत, त्यांना विचारते. तुम्ही कोणा अमेरिकन शेजाऱ्याकडे असं भांडं दिलं होतं का? ते परत आलं का, आणि किती दिवसांनी? आलं तेव्हा त्यात काय होतं, तेही लिहा. नोव्हेंबर जवळ आलाय. उलट टपाली कळवा.