मत नसलेल्या माणसाची पाटी

परदेशात आल्यावर, मार्कहॅम शहराच्या उत्तरेला एका छोट्या गावात आम्ही घर घेतलं, दोन हजार सहाच्या सुमारास. तिथले बंबवाले पगारी नाहीत, गावकरीच आहेत, हे मला कळलं वास्तुशांतीच्या दिवशी.

होमाचा धूर छताला लागला आणि बायको म्हणाली, "अहो, स्मोक अलार्म डिस्कनेक्ट केलात ना?" मी केला नव्हता, आणि तो थेट बंबाच्या स्टेशनला जोडलेला होता. थोड्याच वेळात बंबवाल्यांचे हिरवे दिवे लुकलुकवत चार-पाच खासगी गाड्या दारात. सगळ्यांत आधी आत आला तो आमचा शेजारी, धंद्याने प्लंबर. अंगात बंबवाल्याचा जाड कोट, खाली हाफ पँट. रांगोळीला वळसा घालून त्यानं होमकुंडात डोकावलं आणि हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रसादाचा शिरा खाता खाता तो म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या काळी बंब ओढणारेच मेयर कोण ते ठरवायचे. आता मेयर ठरवणार, आम्ही राहायचं की नाही."

पुढच्या महिन्यात मेयरच्या निवडणुकीचा एक उमेदवार दारात आला. गाव वाढतंय, हे हौशी बंबवाल्यांचं स्टेशन बंद करून शेजारच्या शहराचे पगारी जवान आणू, म्हणाला. मला अर्धं पटलं, अर्धं कळलंच नाही. मग त्यानं विचारलं, लॉनवर माझ्या प्रचाराची पाटी लावू का? दारी आलेल्याला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. "शुअर, शुअर," मी म्हणालो.

शेजारी हल्ली नुसता हात हलवून आत का जातो, ते मला कळेना. बायकोनं सांगितलं, "अहो, ती पाटी." काढावी, तर लावणाऱ्याला काय वाटेल? ठेवावी, तर याला काय वाटेल? आणि पगारी जवान खरंच बरे असले तर? या घोळात निवडणूक होऊन गेली. तो उमेदवार निवडून आला, आणि वसंतात स्टेशन बंद झालं.

आगीची वर्दी देणारा पेजर स्टेशनला परत करून आला त्या दिवशी शेजारी कुंपणापाशी थांबला. "मत त्यालाच दिलंस?"

"मला मतच नाही. मी अजून सिटिझन नाही."

"मग पाटी?"

"त्यानं विचारलं म्हणून."

तो म्हणाला, "स्टेशन वाचवायच्या आमच्याही पाट्या होत्या. मी तुला विचारलंच नाही. म्हटलं, शेजाऱ्याला काय विचारायचं."