दुपारी एकचं बटण

पुसेगावच्या फाट्यावर बाबांनी माझी बॅग दगडावर ठेवली, खिशातला बटणांचा मोबाइल काढून वेळ पाहिली आणि म्हणाले, "सवे, मी निघतो." बस यायला अजून वीस मिनिटं होती. आयटीआय करून मी पहिल्यांदाच घर सोडत होते, तेही थेट राजस्थानात, जिथे आमच्या गावातलं कुणी कधी गेलं नव्हतं. बापानं निदान बस येईपर्यंत तरी थांबावं की नाही? पण त्या आठवड्यात आमच्या शेताची लाईट सकाळी साडेआठला यायची. "बस तुझ्यासाठी थांबल. लाईट माझ्यासाठी थांबत न्हाई," असं म्हणून त्यांनी मोटरसायकल वळवली. मी हिंगोलीपर्यंत रडले, आणि त्यात दुःखापेक्षा राग जास्त होता.

काम मिळालं ते सोलरचं. जोधपूरच्या पुढे, नजर पोचते तिथपर्यंत प्लेटाच प्लेटा. इथे त्यांना मॉड्यूल म्हणतात. मी कंट्रोल रूममध्ये बसते, कुठल्या लाईनीत कमी वीज येते ते स्क्रीनवर बघते आणि तिकडे माणूस पाठवते. जेवायला बाजरीची रोटी असते आणि बोलायला मोडकीतोडकी मारवाडी. घरमालकिणीच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायचा टांका आहे आणि त्याच्या झाकणाला कुलूप आहे. पहिल्या दिवशी मी घामेजून आले आणि दोन बादल्या पाणी अंगावर ओतून घेतलं. ती दारात उभी राहून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवसापासून बादली एकच मिळायला लागली.

फाट्यावरचा राग मी विसरले नव्हते. बाबांच्या मागची लाईटची कटकट कायमची संपवायची म्हणून सोलर पंपाचा फॉर्म मी इथूनच ऑनलाइन भरला. त्यांच्या मोबाइलवर ॲप चालत नाही, म्हणून नंबर माझा दिला. बाबा कचरत होते. मी फोनवर लांबलचक भाषण ठोकलं, "ऊन फुकट हाये बाबा. आता कुणाची वाट बघायची न्हाई. सकाळी चालू करा, सांजच्याला आपोआप बंद." पंप बसला त्या दिवशी मायनं प्लेटांना हळदकुंकू वाहिलं, आणि मी इथे सगळ्या कंट्रोल रूमला पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात आठ दिवस सुट्टी काढून गेले, तर आमचं रान हिरवंगार. एप्रिलात आमच्या शिवारात असं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी भुईमूग पेरला होता, चारा केला होता, बांधाला पपया लावल्या होत्या. मी फुगून गेले, तेवढ्यात समोरच्या रस्त्यानं आक्का डोक्यावर हंडा घेऊन जाताना दिसली. माझी थोरली बहीण गावातच दिलेली आहे. त्यांचं शेत आमच्यापासून तीन बांध उताराला, आणि त्यांच्या विहिरीनं मागच्या पंधरा दिवसांत तळ गाठला होता. ती शाळेजवळच्या हातपंपावर चालली होती, आमच्या पाणी असलेल्या विहिरीवरून पुढे.

झालं काय होतं, ते मला तिथेच कळलं. पूर्वी लाईट यायची, जायची, कधी दोन दोन दिवस यायचीच नाही. आम्ही शिव्या द्यायचो, पण तेवढ्या वेळात जमिनीतल्या पाण्याला दम मिळायचा. ऊन मात्र रोज येतं. आमची मोटर सकाळी आठपासून पाचपर्यंत ओढत होती आणि खालच्या विहिरीत झिरपायला काही उरत नव्हतं.

"हंडे आपल्याकडून ने म्हनलो ना तिला! मी काय अडवलं?" बाबा म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. पण दाजींनी आक्काला बजावलं होतं की सासऱ्याच्या दारातून पाणी आणून गावात तोंड दाखवायचं नाही. आणि खरं सांगायचं तर आक्काला स्वतःलाच ते नको होतं. मी बाबांना म्हटलं, दुपारी एकनंतर मोटर बंद ठेवा. "काहून? माझी हीर, माझं ऊन. मी काय कुनाच्या हिरीत पाईप टाकला? अन् ऊन फुकट हाये, हे कोन म्हनलं व्हतं?" त्या सुट्टीत आक्काकडे मी दोनदा जेवले आणि दोन्ही वेळा मायनं बाबांना सांगितलं नाही.

आपण जे गाव सोडून बाहेर पडलो ना, त्या सगळ्यांना एक खोड लागते: लांबून घर दुरुस्त करायची. कुणी पुण्यात बसून अंगणात कॅमेरा लावतं, कुणी दुबईहून बापाच्या गोळ्यांच्या वेळा ठरवतं. माझ्याकडे तर बटणच होतं. पंपाचं ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि त्यावर चालू-बंद करता यायचं; तिथून बंद केलं की शेतातल्या बटणानं चालू व्हायचं नाही. कामावर परत आल्यावर पहिल्याच दुपारी एक वाजता, हातात डबा असताना, मी ते दाबलं. सकाळी पुन्हा चालू केलं. रोज तेच.

दहाव्या दिवशी आक्काचा फोन आला. "सवे, बादली बुडायला लागली गं हिरीत!" मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनमध्ये उभीच राहिले. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन. "तुझी मशीन दुपारची झोपून राहिली बाई. काय बिघाड हाये?" खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "धूळ बसली असंल बाबा. पुसून घ्या."

बाबांनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मोटर बंद पडल्याबरोबर, भर उन्हात, ते टिपावर टीप, म्हणजे पिंपावर पिंप, ठेवून ओलं फडकं घेऊन वर चढले. मायचा फोन आला तेव्हा मागे दवाखान्याचा गलबला ऐकू येत होता. उजवं मनगट मोडलं होतं. "डोक्यावर पडले असते तर?" माय एवढंच म्हणत राहिली. मी तिला फोन बाबांच्या कानाला लावायला सांगितला आणि सगळं सांगून टाकलं. बटण, एकची वेळ, धुळीची थाप, काही शिल्लक ठेवलं नाही. मग ते मायला म्हणाले, "ठेव फोन."

मी मोटर पुन्हा चालू करून दिली आणि त्यानंतरचे तीन दिवस बटणाला हात लावला नाही. मोटर आठ ते पाच चालली, हे मला ॲपवर दिसत होतं. आक्काची विहीर पुन्हा खाली चालली असणार, हेही कळत होतं. पण बाबांना फोन करायची हिंमत नव्हती आणि आक्काला काय तोंडानं विचारू? माझ्यामुळे आधी तिचं पाणी गेलं होतं आणि आता बापाचा हात.

चौथ्या दिवशी साडेबाराला ॲपवर पंप बंद दिसला. मला वाटलं, आता खरंच बिघडला. घाबरून आक्काला फोन लावला.

"सकाळी बाबा आलते," ती म्हणाली. "गळ्यात हात बांधलेला, खांद्यावर दोर. दोराला दगड बांधेल व्हता. यान्ला म्हनले, माझा हात चालत न्हाई, तुमी सोडा हिरीत."

"दाजींनी सोडला?"

"सोडला की. दोघं बी वाकून बघत व्हते. दोर वर काढला तर ईतभर बी भिजला न्हाई. बाबा म्हनले, एवढंच? बास. दुसरं काय बोलले न्हाईत."

"चहा घेतला का?"

"अर्धा," आक्का म्हणाली, आणि रडायला लागली.

संध्याकाळी बाबांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, "तुझ्या मोबाइलातलं ते काढून टाक." मी म्हटलं, आता तुमीच बंद करून राहिले ना, मग राहू द्या की, कधी उपयोगी पडंल. "न्हाई," ते म्हणाले. "समोर येऊन भांड. चार लोकात बोल मला. पन तितून हात घालू नको." मी त्यांच्यादेखत, म्हणजे फोन चालू ठेवून, ॲप काढलं. झालं का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

आता या वाळवंटातल्या हजारो प्लेटांची मिनिटामिनिटाची खबर मला असते, फक्त माझ्या घरातल्या एका मोटरीची नसते. ती विचारावी लागते, आणि तिकडून जेवढी मिळेल तेवढी घ्यावी लागते. मला वाटतं, घर सोडणं म्हणजे मुळात हेच होतं. फाट्यावर रडताना ते कळलं नव्हतं. रोज दुपारी एकला मी फोन करते आणि जेवलात का, एवढंच विचारते. बहुतेक दिवशी बाबा म्हणतात, "मोटर बंद केली अन् बसलो जेवायला." कधीतरी नुसतंच "जेवलो" म्हणतात. त्या दिवशी पुढचा, मोटरीचा प्रश्न माझ्या ओठांवर येतो. मी तो विचारत नाही, आणि हातातला घास तसाच राहतो.