छावणीत शनी पाहिला तेव्हा

गाय बसली ती उठेना. मान जमिनीला टेकली, डोळे पांढरे झाले. चारा छावणीत बसलेलं जनावर वेळेत उभं केलं नाही तर सकाळी ओढूनच न्यावं लागतं. पोटाखालून पोतं घालायचं आणि दोन्ही बाजूंनी उचलायचं. त्याला चार गडी तरी लागतात. मी पोतं घेऊन एकटी उभी. सगळे गडी दुर्बिणीच्या रांगेत.

छावणी आमच्या तालुक्याच्या दूध सोसायटीची आणि त्या दिवशी चेअरमनचा वाढदिवस. म्हणून बीडहून एक मास्तर दुर्बीण घेऊन आला होता. जनावरांच्या हौदात ठणठणाट. टँकर मागितला की चेअरमन म्हणायचे, "गाव हिरवा हाय की! पाहणीला आलतो तवा सोता बघितला." पाहणीच्या आधी एक सर पडून गेली होती, तेवढीच. तिची हिरवळ कधीच करपली. त्या दिवशी मात्र टँकर आला, मांडवापुढची धूळ बसवायला.

मी रांगेपाशी गेले. नुकताच अंधार पडला होता. चेअरमन दुर्बिणीपुढं उभे, पण डोळा लावेनात.

"शनीच्या डोळ्यात डोळा कसा घालू मास्तर? साडेसाती लागंल. पुढं निवडणूक हाय."

मास्तर म्हणाला, "साहेब, उजेडाला यायला वेळ लागतो. तुम्हाला दिसेल तो आत्ताचा शनी नाही, तासाभरापूर्वीचा. पलीकडची ती चांदणी तर निजामाच्या काळातली दिसते आहे. आज तिथं काय चाललंय, आपल्याला कळणार नाही."

"मंजी जुना शनी? मग हरकत न्हाई." त्यांनी डोळा लावला. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, शनी परवडला. त्याची खबर तासाभरात पोचते. आमच्या गावाची तालुक्याला महिनोन्‌महिने पोचत नाही.

मी म्हणाले, "चेअरमन सायब, माझी गाय बी तुमाला जुनीच दिसतीया. पाहणीला आलता तवा उभी होती. आता पडलीया. गडी द्या आन् टँकरचं पाणी द्या."

"दम धरा वैनी. आधी शनी बघून घ्या."

"मला बिनदुर्बिणीचा दिसतोय की, हा काय समोर."

रांग खो खो हसली. चेअरमननी ऐकूच आलं नाही असं दाखवून डोळा दुर्बिणीला आणखी घट्ट लावला. ते वर बघतात तोवर टँकरवाल्यानं खाली तोटी सोडली. माझा दीर आणि आणखी तिघं रांग सोडून आले.

पोतं घालून उचलली तर ती पुन्हा बसली. दीर शिव्या देत होता, गायीला की चेअरमनला ते कळत नव्हतं. दुसऱ्या खेपेला मागचे पाय लटपटले, पण टेकले. मी टँकरच्या पाण्याचं घमेलं तिच्या तोंडाशी धरलं. तिनं आधी नाक बुडवलं, मग ओढायला लागली.

त्या उन्हाळ्यात आमची बैलजोडी गेली, म्हैस गेली. गाय जगली.