खांबावर माणूस असताना

"उभा राय," सर म्हणाले. "सांग याहिले, तुले नोकरी कशी भेटली."

मी उभा राहिलो. वर्गातली सगळी पोरं मान वळवून बघायला लागली.

"बाप मेला मनून, सर."

मागच्या बाकावर कोणी तरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. सरही.

"पाहा, हा कायदा. याहिचा माणूस जितेपनी कायच्याच कामाचा नसते. मेला की पोराले सरकारी नोकरी लावून जाते. बस."

मी बसलो. त्या बसण्याची मला आजही किळस येते.

वीजखात्यात नव्यानं लागलेल्यांचं ते प्रशिक्षण. दिवसभर खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर. शेवटचा तास देशाच्या कायद्याचा. वर घटना, तिच्याखाली कायदे, मग कोर्टं. दिवाणी काय, फौजदारी काय. सर मराठी-तेलुगू सीमेवरच्या एका मोठ्या पाटील घराण्यातले. तारांपासून कायद्यापर्यंत सगळं तेच शिकवायचे, तेलुगूत. मला बोलायचं असलं की मात्र मराठीत यायचे. मायबोलीतला अपमान अंगात खोल जातो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. माझं आडनाव ऐकून, मी बौद्धवाड्यातला हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

बा माझा वीजखात्यात हेल्पर. आमच्या बाजारहत्नूरकडच्या खेड्यांत तार तुटली की बाला बोलावणं. खांबावर चढण्याआधी तो सबस्टेशनकडून लाईन क्लियर घ्यायचा. म्हणजे तिथल्या ऑपरेटरनं लाईन बंद करायची आणि ज्यानं क्लियर घेतला तो स्वतः येऊन "परत" म्हणेपर्यंत बटनाला हात लावायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तर नाहीच. साहेब असो नाही तर मंत्री. आमच्या धंद्यात देवापेक्षा याला मान. बा घरातसुद्धा सांगायचा, "क्लियर मंजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती ठेवून चढनं."

त्या दुपारी गावात करंट नव्हता. ऊन असं की कौलं तडकत होती. माय दारात सुपानं वारा घेत होती, मी भिंतीला टेकून बसलेलो. एकदम डोक्यावरचा बल्ब लागला. माय हसली. "आला वं करंट," शेजारणीला ओरडून म्हणाली. "याच्या बानं आनला."

बा तेव्हा खांबावर होता.

नंतर सगळं गावाला कळलं. गावच्या पाटलाकडे हैदराबादचे पाहुणे जेवायला बसले होते आणि डोक्यावर पंखा नव्हता. पाटलानं सबस्टेशनला फोन केला, "काम झालं, सोड करंट." ऑपरेटरनं सोडला. बाचे दिवस झाल्यावर तोच आमच्या अंगणात येऊन मायच्या पाया पडून रडला. "पाटलाचा फोन होता वं माय, मी काय करू?" चौकशीत मात्र त्यानं फोनचं नाव काढलं नाही. निकाल लागला, मयताची स्वतःची चूक. बा दारू प्यायला होता म्हणे. माझ्या बानं माळ घातल्यासारखी दारू सोडलेली, हे विचारायला आमच्या दारी कोणी आलं नाही.

मला नोकरी लागली. पण तेव्हापासून करंट गेला की माझं काळीज थांबतं, आणि आला की अजूनच थांबतं. लोक "आला, आला" करून टाळ्या पिटतात. मी डोळे मिटतो. कोणत्या खांबावर कोण आहे, एवढंच मनात येतं. माय तर घरात बल्बच लावू देत नाही. चिमणी लावते. तिला वाटतं, त्या दिवशी ती हसली म्हणून. कितीदा समजावलं, ऐकत नाही.

त्याच तासाला पुढे सर फौजदारीवर आले. "हलगर्जीनं माणूस मेला, तर करणारा गुन्हेगार," असं तेलुगूत सांगितलं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "पन मरनाराच पिऊन चढला असन, त कोर्ट कोनाले धरन? याच्या बापाले?"

पुन्हा हसू. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो बल्ब लागला. भर वर्गात. खाली मायचं हसणारं तोंड.

मी उभा राहिलो. या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, माह्या बानं लाईन क्लियर घेतला होता. परत कोनं केला?"

"खाली बस."

"क्लियर घेनाराच परत करते, तुमीच शिकवलं. बा त वर होता. मंग परत कोनं केला?"

"बस मनलं ना! नोकरी कच्ची हाय तुही अजून. एका कागदात घरी जाशीन."

शेजारच्यानं माझा शर्ट खाली ओढला. "बस ना बे, काऊन सोताच्याच जीवावर उठून राह्यला?" मी त्याचा हात काढला. नोकरी गेली तर मायनं पुन्हा पाटलाच्याच कापसात वेचायला जायचं, हे दिसत होतं.

नाही बसलो.

सर फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले. आता वर्गात कोणी हसत नव्हतं. घंटा झाली तरी मी उभाच. सर वही उचलून निघून गेले.

बाहेर आलो आणि सरळ ठाण्यात गेलो. जमादार म्हणाला, जुनं प्रकरण आहे, बाकावर बस, बघू. मी म्हणालो, बसणार नाही, आधी लिहून घ्या.

त्या मरणात तीन माणसं होती. एक खांबावर, एक बटनापाशी, एक फोनवर. सरकारी कागदात नाव आलं ते फक्त माझ्या बाचं, आणि तेही गुन्हेगार म्हणून. ते मी खोडून घेणार. उरलेल्या दोघांची नावं तिथं लिहायला लावणार. मग नोकरी राहो नाही तर जावो.