कूलरमधलं बाळंतपण

आमच्या खामगावात, भिंतीपलीकडे एक गृहस्थ राहतात. माणूस आला तर अर्धा कप चहा, तोही उभ्या उभ्या. पाखरांसाठी मात्र बारमाही पाहुणचार, बरं का. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात रोज घासलेल्या मातीच्या परळात पाणी. पावसाळ्यात दाणे बंद. काऊन, तर "बुरशी लागते वहिनी, पोट बिघडते त्याईचं." आमच्या पोटाची चौकशी त्यांनी कधी केल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा त्यांच्या कूलरच्या गवतात चिमणीनं घरटं केलं. कूलर लावला की गवत भिजणार आणि पिल्लं मरणार, म्हणून त्यांनी बटणावर चिकटपट्टीच मारून ठेवली. नेमके त्याच आठवड्यात, भर मे महिन्यात, त्यांचे लेक-जावई आले. सासऱ्यांनी जावयांच्या हाती वारा घ्यायला पुठ्ठा दिला.

"आठ दिवस दम धरा, जावईबापू. पिल्लाईले अजून पंख नाही फुटले."

जावई घामानं निथळत तडक आमच्याकडे आले आणि आमच्या कूलरपुढे आडवे झाले. तिकडे लेक रुसून बसली. थोड्या वेळानं गृहस्थ आमच्या दारात हजर. जावयाची समजूत काढायला आले असतील म्हणून मी खुर्ची सरकवली.

ते बसले नाहीत. "वहिनी, तुमच्या कूलरच्या मागं पाहिलं काय? चिमण्या कुठंही घर करतात."

"मागं काही नाही भाऊ. पुढं तुमचे जावई हायेत."

"हाव, ते सुखरूप दिसतात," असं म्हणून ते वाकून मागं पाहू लागले.