भूत म्हणजे कुठलं?

भुतांच्या बाबतीत आमच्या थोरल्या मामंजींइतका चोखंदळ माणूस औंधापासून आष्ट्यापर्यंत दुसरा झाला नसेल. थोरले मामंजी म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे वडीलभाऊ. फौजेत बिनतारी संदेश पाठवण्यात त्यांचा जन्म गेला. शब्द चुकला तर पलटण भलत्याच डोंगरावर जाते, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की निवृत्त होऊन औंधाजवळच्या आमच्या गावात परतल्यावरही त्यांनी कुणाचा चुकीचा शब्द खपवून घेतला नाही. त्यातही भूत या शब्दावर त्यांचा विशेष डोळा. सासूबाई पोरांवर ओरडल्या, ‘काय भुतावानी फिरताय उन्हातान्हात,’ की ओसरीवरून शांत आवाज यायचा, “भूत फिरत न्हाई. एका जागी ऱ्हातं. फिरवतो तो चकवा.” उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला नाही, तर सगळं गाव टँकरवाल्याच्या नावानं बोटं मोडायचं आणि मामंजी म्हणायचे, “पंचमहाभुतांतलं एक आज गैरहजर हाय.” शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी भूतकाळ गाडून टाकायचा सल्ला दिला, तेव्हा पहिल्या रांगेतून हे उठले. “भूत म्हंजे होऊन गेलेलं. होऊन गेलेलं गाडता येत न्हाई, सायेब,” एवढंच बोलून खाली बसले. पाहुण्यांना पुढचं भाषण काही केल्या सापडेना.

शेजारचा एक जवान पोरगा एकदा मोटारसायकल टाकून धापा टाकत आला. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर त्याला भूत दिसलं होतं. मामंजींनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग चौकशी सुरू केली. पाय दिसले का? उलटे का सुलटे? हाक मारली का? पाण्यात ओढायला बघत होतं का? पोरगा म्हणाला, व्हय, ओढतच हुतं. “म्हंजे तू गिऱ्हा म्हणतोस. पर गिऱ्हा पाण्यात ऱ्हातो. ती विहीर शिमग्यापासनं कोरडी हाय. तवा ते भूत न्हवं, तुज्या चुलत्याचं बुजगावणं असंल.” बुजगावणंच निघालं. पिंपळावरचा मुंजा, धनावर बसलेला समंध, हडळ, जखीण, वेताळ, प्रत्येकाची खोड, राहण्याची जागा आणि रागलोभ त्यांना पाठ. लोकांच्या लेखी ही सगळी एका भूत शब्दाची दुसरी नावं. मामंजींना ते पटायचं नाही. “सगळ्यास्नी पाव्हणं म्हणलं म्हणून मामा आन मेव्हणा एक व्हत न्हाई,” असं ते म्हणत. एकदा धीर करून मी विचारलं, “मामंजी, पण भुतं खरंच असतात का?” ते सुपारी कातरत होते. म्हणाले, “नसत्याल. पर नसलेल्याचंबी नाव नीट घ्यावं.”

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. माझ्या पहिल्या बाळंतपणापर्यंत.

माहेरी आष्ट्याला मुलगी झाली. तिला घेऊन सासरी आले आणि माझं काहीतरी बिनसलं. झोप लागेना. डोळ्यांतलं पाणी थांबेना. पोरगी पाळण्यात रडायची आणि मला ती दुसऱ्याच्या घरात रडतेय असं वाटायचं. माझे यजमान फौजेत, तिकडे बर्फात. फोनवर त्यांना काय सांगणार. एका दुपारी पोरीला तशीच रडत टाकून मी आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. कशासाठी ते तेव्हाही मला ठाऊक होतं. गवताचा भारा घेऊन चाललेल्या बायांनी मला धरून घरी आणलं.

सासूबाई माऊली होत्या, पण घाबरल्या. हिला बाहेरचं लागलंय, हे त्यांच्या मनानं घेतलं. पल्याडच्या गावातला एक देवऋषी मिरच्यांची धुरी देऊन आणि निरगुडीच्या फोकानं मारून भूत काढतो, त्याला अवसेला बोलवायचं ठरलं. पण आमच्या घरात भुताचा कारभार थोरल्या मामंजींना विचारल्याशिवाय होत नसे. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभ्या राहिल्या.

“आवं भावजी, सूनबाईला भूत लागलंय.”

“कुठलं?”

“असंल कुठलंबी. आमाला काय कळतंय.”

“न कळता मारणार पोरीला? नाव सांगा.”

सासूबाई म्हणाल्या, हडळ असंल. मामंजींनी विचारलं, आवाज बदलला का? नाही. जखीण म्हणावी, तर काही मागते का? नाही. घरची माणसं ओळखत नाही का? ओळखते. अंगात बळ येतं का? पाण्याचा तांब्या उचलवत नाही. एकेक नाव पुढं येत गेलं आणि मामंजी ते बाजूला ठेवत गेले. शेवटी ते स्वतः आत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले. थोरला सासरा सुनेसमोर असा जमिनीवर बसलेला त्या घरानं कधी पाहिला नव्हता.

“पोरी, झोप लागती?”

“न्हाई.”

“लेकरू घ्यावंसं वाटतं?”

“न्हाई, मामंजी.”

“मरावंसं वाटतं?”

इतक्या दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “व्हय.”

मामंजी उठले. सासूबाईंना म्हणाले, “हे माज्या वळखीतलं न्हाई. ह्याचं नाव डाक्टरला ठावं असंल. गाडी बोलवा.”

साताऱ्याला जाताना ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते, मांडीवर माझी पोरगी. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य. औषधानं आणि विश्रांतीनं बरं होतं. मामंजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू हरवलेलं माणूस सापडलं. गावात परतल्यावर जो भेटेल त्याला ते पुरतं नाव सांगत. कुणी ‘भूत उतरलं का’ विचारलं, की त्याला दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत. आमच्या पारावर म्हातारे तंबाखू मळता मळता ‘बाळंतपणानंतरचं नैराश्य’ म्हणायला शिकले. अवसेला देवऋषी आला, तेव्हा मामंजींनी त्याला चहा पाजला आणि भुतांच्या प्रकारांवर असं काही पिळून काढलं की तो चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी हळूहळू बरी झाले. एका सकाळी पोरगी माझ्याकडं बघून हसली आणि मला ती माझी वाटली. त्यानंतर कधीतरी शेंगा फोडताना सासूबाईंनी सांगितलं, मामंजींना एक धाकटी बहीण होती. बाळंतपणानंतर तिचंही माझ्यासारखंच झालं. भूत काढायला माणूस बोलावला, त्यानं मारलं, आणि तिनं विहीर जवळ केली. मामंजी तेव्हा सीमेवर होते. रजेवर आले ते घरोघरी एकच विचारत फिरले, कुठलं भूत हुतं? कुणालाच सांगता आलं नाही. तिचं नाव विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “नगं. ह्या घरात ते काढत न्हाईत.”

आता मामंजी पुण्याला लेकाकडं असतात, अकराव्या मजल्यावर. फोनवर म्हणतात, “हितं भूतबी न्हाई पोरी. भूत व्हायला आधी कुणीतरी वळखीचं लागतं.” त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळं मीच जास्त बोलते. त्यांचे उपकार मानायचं कितीदा मनात आलं, पण थोरल्या सासऱ्याला हे कसं म्हणायचं ते मला कळलं नाही. परवा त्याऐवजी मी विचारलं, “मामंजी, आत्यांचं नाव काय हुतं?”

मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

“हौसा,” ते म्हणाले.

“हौसाआत्या,” मी म्हणाले, जरा मोठ्यानं.

“व्हय,” ते म्हणाले. “लय दिसानं ऐकलं.”