रुमालाखालची हमी

आखातातल्या दोन शेजारी देशांनी सुरक्षेचा आणि सहकार्याचा करार केला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अहमदपुरात मला झाला. त्यातल्या एका देशाच्या बंदरावर माझा भाचा क्रेन चालवतो. तो सुट्टीवर देवणीला घरी आला होता आणि तिकडच्या युद्धाच्या भीतीनं परत जावं की नाही, यावर घरात खल चालला होता. मी पडलो राज्यशास्त्राचा प्राध्यापक. न बोलावता गेलो.

ओसरीवर बहिणीचे सासरे, आमचे मामा, बसले होते. जन्म सगळा बैलबाजारातल्या दलालीत गेलेला. मी त्यांना कलमं समजावली. एकमेकांवर हल्ला करायचा नाही, वाद झाला तर बोलून मिटवायचा.

"अन् हे पाळलं का, ते कोण बघणार?"

"सगळं जगासमोर, मामा. तुमच्यासारखं रुमालाखाली बोटं दाबून सौदा नाही," म्हणालो आणि माझा मीच हसलो.

मामांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला. खालून माझी बोटं धरली, दाबली आणि तोंडाकडं बघत राहिले. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण न कळता मान डोलावायची सवय चर्चासत्रांतून अंगात मुरलेली. डोलावली.

रुमाल परत खांद्यावर गेला. "जाऊ दे पोराला," ते सुनेला म्हणाले. "तुझ्या भावानं हमी घेतली."

"दादा, खरंच?"

आता नाही कसं म्हणायचं? "हाव," म्हणालो. वर चहा प्यालो.

भाचा गेला.

करार मोडला नाही, हे मी कालही वर्गात ठासून सांगितलं. त्या दोघांनी एकमेकांना बोटही लावलं नाही. बंदरावर पडली ती क्षेपणास्त्रं तिसऱ्याची. त्याचं नाव कुठल्याच कलमात नव्हतं.

परवापासून भाच्याचा फोन लागत नाही. बहिणीनं मला एकदाही फोन केलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज दुपारी मामा एसटीनं एकटेच आले. पाणी घेतलं, चहा तसाच ठेवला.

"काही कळलं का, पावणं?"

"तिकडचं नेटवर्क बंद असेल, मामा."

"असंल."

मग त्यांनी माझा हात जवळ ओढला आणि त्यावर रुमाल टाकला. बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. काहीतरी विचारत होते. या वेळी मी मान हलू न देता ताठ धरून बसलो. त्यांनी बोटं सोडली नाहीत.